ब्रॉडवे मेलडी : तुमचे प्रश्न आणि हँकची गोष्ट

मागच्या अंकात जुन्या बोलपटांवर लिहिताना मी 'द ब्रॉडवे मेलडी'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की १९२९ सालचा एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा हा सिनेमा, ऑस्करमधलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेला पहिला बोलपट, जमलं तर नक्की बघा. त्यावर नागपुरातून आणि आजूबाजूच्या गावांतून भरपूर प्रश्न आले आणि खूप चांगले प्रश्न आले, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट आधी सांगून टाकते, शेवटासकट, कारण बरेच प्रश्न शेवटाबद्दलच आहेत. हँक आणि क्वीनी या दोन महोनी बहिणी, गावोगावी फिरून नाचगाण्याचा कार्यक्रम करणाऱ्या. हँक मोठी, हुशार, तापट, सगळे व्यवहार तीच बघते. क्वीनी धाकटी आणि दिसायला अतिशय सुंदर. हँकचं लग्न एडीशी ठरलंय, तो गाणी लिहितो आणि गातो, त्याच्या भरवशावर दोघी न्यूयॉर्कला येतात. तिथे एडी क्वीनीच्या प्रेमात पडतो, क्वीनीला पण तो आवडतो, पण बहिणीचा संसार मोडायला नको म्हणून ती एका श्रीमंत, वाया गेलेल्या माणसासोबत फिरायला लागते. हँकला शेवटी सगळं कळतं. मग ती एडीला म्हणते माझं तुझ्यावर प्रेम कधी नव्हतंच, जा तिच्याकडे. आणि ते दोघं लग्न करतात आणि हँक नवीन जोडीदारीण घेऊन परत दौऱ्यावर निघते.

प्रश्न : ताई, तुमच्या सांगण्यावरून बघितला. पण कॅमेरा जागचा हलत नाही, लोकं थांबून थांबून बोलून राहिले, अर्ध्या तासात झोप यायला लागली. याला ऑस्कर काऊन दिलं बाप्पा? (एक वाचक, धरमपेठ)

भाऊ, तुम्हाला जे जाणवलं ते खरंच आहे, कॅमेरा खरंच खिळल्यासारखा उभा आहे. पण तो का उभा आहे ते समजलं की बघण्यात फरक पडतो. बोलपटांचा जमाना ज्याच्यापासून धरतात तो 'द जॅझ सिंगर' न्यूयॉर्कला लागला ६ ऑक्टोबर १९२७ ला, आणि त्यात पण बोलणं थोडंच होतं, बाकी पाट्याच. म्हणजे 'ब्रॉडवे मेलडी' फेब्रुवारी १९२९ मध्ये आला तेव्हा या सगळ्या प्रकाराला दीड वर्ष सुद्धा झालं नव्हतं. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जायची, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना आवाजबंद खोक्यात कोंडायचे आणि पुढच्या काचेतून शूटिंग. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत कूलर बंद करून बसल्यावर जे होईल तेच त्या माणसाचं आत व्हायचं. जुने आर्क लाइट गुणगुणायचे म्हणून तेही काढावे लागले. माइक एका जागी लपवलेला, म्हणून नट पण तिथेच उभा, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढू नये म्हणून मध्ये थांबायचं. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत कॅमेरा इतका सुंदर फिरायला लागला होता आणि आवाज आल्याबरोबर सगळ्यांना परत पहिलीपासून शिकावं लागलं.

बक्षिसाचं म्हणाल तर ३ एप्रिल १९३० ला झालेला तो दुसराच सोहळा होता. एकूण सातच बक्षिसं आणि त्या वर्षी कुठल्याच सिनेमाला दोन मिळाली नाहीत, यालाही हे एकच मिळालं. दिग्दर्शक हॅरी बोमाँटचं नाव विचारात होतं पण त्याला मिळालं नाही. मला वाटतं लोकांनी दाद दिली ती एका नव्या गोष्टीला, की पूर्ण लांबीची गोष्ट बोलून, गाऊन, नाचून सांगता येते. जाहिरातच तशी होती, सगळं बोलतं, सगळं गातं, सगळं नाचतं.

तरी एक सांगते, परत लावाल तेव्हा फक्त सुरुवातीची दहा मिनिटं बघा. गाण्यांचे कागद छापून विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस आहे, प्रत्येक खोलीत कोणीतरी वेगळं गाणं घोकतंय आणि सगळ्यांचा एकत्र कल्ला ऐकू येतोय. हे दृश्य मूकपटात करताच आलं नसतं! तिथे दिग्दर्शकाला आवाज हातात आल्याचा आनंद झालाय ते स्पष्ट कळतं.

प्रश्न : मी शाळेत शिकवते आणि घरात मी पण सगळ्यात मोठी. मोठ्या बहिणीनेच काऊन सोडायचं नेहमी? शेवट बघून मला फार राग आला. एडीला कोणी एक शब्द बोलत नाही. (एक वाचिका, महाल)

राग यायलाच पाहिजे ताई, मला पण येतो. एडी हा या सिनेमाचा सगळ्यात कच्चा भाग आहे. ठरलेल्या बायकोच्या बहिणीला हा माणूस गाणं म्हणून दाखवतो, तू माझ्यासाठीच बनलीस, आणि सिनेमाला वाटतं की आपण विरघळून जावं. एडी झालेला चार्ल्स किंग स्टेजवरचा मुरलेला गवई, आवाज चांगला, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायच्या सवयीने काम करतो आणि कॅमेरा तर दोन हातांवर.

एक मात्र तुमच्या पत्रात राहिलं. एडीला एक शब्द कोणी बोलत नाही असं नाही, हँक बोलते. ती त्याला सरळ भित्रा म्हणते, क्वीनी तिकडे त्या माणसाच्या घरी आहे आणि तू इथे उभा काय राहिलास. ती चिडते, टोचते, त्याला दारातून जवळजवळ ढकलून देते. आणि तो गेल्यावर जे येतं त्याच्यासाठी मी हा सिनेमा लोकांना बघायला सांगते. मेकअपच्या खोलीत ती एकटी आहे, आरशासमोर बसून चेहऱ्यावर कोल्ड क्रीम थापते, पुसते, रडते, मध्येच हसते, परत पुसते. रंग निघतो तसा चेहरा उघडा पडत जातो. आणि मग फोन उचलून तिच्या एजंट काकाला दौऱ्याचं काम पक्कं करायला सांगते, आवाज सरळ ठेवून. त्या एका दृश्यात कॅमेरा हलत नाही ते बरंच आहे असं वाटतं, कारण बघायचं आहे ते सगळं तिच्या चेहऱ्यावर आहे.

हे काम केलंय बेसी लव्हने. ती तेव्हा तिशीची, १९१६ पासून सिनेमात, दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटात छोटं काम केलेली, आणि १९२८ पर्यंत तिचे दिवस संपले असंच लोक धरून चालले होते. ती मधल्या काळात स्टेजवरचे दौरे करून आली होती, नाचता येत होतं, युकुलेली वाजवायची, आणि मुख्य म्हणजे आवाज घडलेला होता. मूकपटाच्या कितीतरी नट्या माइकपुढे अडखळल्या आणि ही उलट माइकमुळे वर आली. ऑस्करला तिचंही नाव विचारात होतं, बक्षीस मेरी पिकफोर्डला गेलं 'कोकेट'साठी. मला हे अजूनही पटत नाही, पिकफोर्ड फार मोठी बाई पण ते काम मोठं नव्हतं.

क्वीनीचं काम करणारी अनिता पेज अठरा वर्षांची होती. ती मात्र नवखी आहे आणि दिसते तशी.

तुमचा मूळ प्रश्न, मोठीनेच का सोडायचं. सिनेमाकडे याचं उत्तर नाही. पण त्याने हँकला बक्षीस म्हणून दुसरा नवरा आणून दिला नाही, किंवा तिला देवी करून कोपऱ्यात बसवलं नाही, ती कामावर जाते. १९२९ मध्ये एवढं सुद्धा फार लोकांनी केलं नसतं.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगला आहे, साऊंडचं वेड आहे. मी वाचलं की प्लेबॅकची सुरुवात याच सिनेमापासून झाली, खरं आहे का? मग लता, आशा सगळ्यांचं मूळ इथे? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

छान विचारलंस. यात दोन गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नकोस.

तिकडचा किस्सा असा. सिनेमात 'वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल' नावाचा मोठा नाच आहे, बाहुल्यांच्या लग्नाचा. शूट झाला, एमजीएमचा निर्मितीप्रमुख अर्विंग थॅलबर्गने बघितला आणि त्याला तो अगदी नाटकाच्या स्टेजवरून उचलून आणल्यासारखा वाटला, म्हणाला परत करा. आता परत करायचं म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा परत बोलवायचा, कारण तोपर्यंत गाणं आणि चित्र एकाच वेळी घ्यायचे, वादक तिथेच सेटवर बाजूला बसलेले. आवाजाचं खातं सांभाळायचा डग्लस शिअरर, थॅलबर्गचा मेहुणा. त्याचं म्हणणं पडलं की आवाज तर चांगला आलाय, त्याला काय झालं? तोच लाउडस्पीकरवर लावा, मुलींना त्यावर नाचू द्या, चित्र नवीन घ्या आणि नंतर दोन्ही जोडा. तसंच केलं आणि जमलं.

यातून काय मोकळं झालं ते बघ. आवाज आधीच हातात आहे म्हटल्यावर शूटिंगच्या वेळी माइकच नको. माइक नको म्हणजे कॅमेऱ्याला खोक्याची गरज नाही, तो हलू शकतो, वर चढू शकतो, दिग्दर्शक मध्ये ओरडून सूचना देऊ शकतो, नाचणारीला दम लागला तरी गाण्यात ऐकू येत नाही. चार वर्षांनी नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीने वरून कॅमेरा लावून मुलींची फुलं उमलवली ती याच मोकळीकीवर.

पण इथे अजून एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी नाही, फक्त आधी रेकॉर्ड करून नंतर चित्र घेणं आहे. आपल्याकडची वाट वेगळी आहे. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला तेव्हा गाणी जागेवरच रेकॉर्ड झाली होती, वादक कॅमेऱ्यात दिसू नयेत असे लपून वाजवायचे, आणि स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून रात्री शूटिंग. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, त्यात दुर्गा खोटे स्वतः गायल्या आहेत. नटाला गाता आलंच पाहिजे ही अट आपल्या संगीत नाटकातून सरळ सिनेमात आली होती. ती अट सुटली १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये, नितीन बोसचा हिंदी 'धूप छाँव' आणि त्याचीच बंगाली आवृत्ती 'भाग्यचक्र', संगीत रायचंद बोराल. आपल्या पार्श्वगायनाची सुरुवात तिथून धरतात. तेव्हा लताबाईंचं मूळ शोधायचं असेल तर हॉलिवूडपेक्षा कलकत्त्याचं तिकीट काढ.

तू साऊंडवाला आहेस म्हणून एक काम देते. हेडफोन लाव आणि एडीचं एखादं गाणं आणि हा बाहुल्यांचा नाच लागोपाठ ऐक. चित्राकडे लक्ष देऊ नकोस, फक्त खोली ऐक, आवाज कुठल्या जागेतून येतोय ते.

प्रश्न : हा सिनेमा रंगीत होता म्हणतात. माझ्याकडे आहे तो काळापांढरा. कुठली कॉपी घेऊ? (एक वाचक, कामठी)

पूर्ण सिनेमा रंगीत कधीच नव्हता, फक्त तो बाहुल्यांचा नाच टेक्निकलरमध्ये होता, तेव्हाच्या दोन रंगांच्या पद्धतीत, लाल आणि हिरवा, त्यात खरा निळा येतच नसे. तो रंगीत भाग आता राहिला नाही, आज जे मिळतं ते काळ्यापांढऱ्यातच. तुमची कॉपी बरोबर आहे.

प्रश्न : यातली गाणी मी 'सिंगिंग इन द रेन'मध्ये ऐकल्यासारखी वाटतात. यांनी चोरली की त्यांनी? (एक वाचिका, सदर)

कोणीच नाही. गाणी नासिओ हर्ब ब्राउनच्या चाली आणि आर्थर फ्रीडचे शब्द. हाच फ्रीड पुढे एमजीएममध्ये मोठा निर्माता झाला आणि १९५२ मध्ये त्याने आपल्याच जुन्या गाण्यांवर तो सिनेमा उभा केला. गोष्ट पण त्याच काळाची, मूकपटाचा बोलपट होतानाची, झुडपात माइक लपवायचा सीन आठवतो ना, ती सगळी या लोकांनी भोगलेली धांदल आहे. ते पावसातलं गाणं मात्र या सिनेमातलं नाही, ते त्याच वर्षीच्या 'हॉलिवूड रिव्ह्यू'मधलं.

प्रश्न : मी इकडे पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकात काम करते, दिवाळी झाली की आमचा सीझन. नातीने मोबाइलवर लावून दिला, भाषा समजली नाही पण गोष्ट समजली. जी काम चांगलं करते ती मागे आणि जी दिसते ती पुढे, हे तिकडे पण होतं का? आणि त्या बहिणी जशा फिरतात तशा खऱ्या पण फिरत होत्या का? (एक कलावंत, वडसा)

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण भाषा न समजता तुम्ही सिनेमाचा गाभा बरोबर धरला, आणि बऱ्याच समीक्षकांनी तो सोडून दिलाय.

आधी फिरण्याचं. हो, खऱ्या फिरायच्या. त्या प्रकाराला व्हॉडव्हिल म्हणायचे. एका रात्रीत आठ दहा आयटम, गाणं, नाच, जादू, कसरत, विनोदी जोडी, शिकवलेली कुत्री, सगळं. मालकांच्या थिएटरांची साखळी असायची, ठरलेल्या आठवड्यांचा करार, आज एका गावात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, रेल्वेने सामान घेऊन. बहिणींच्या जोड्या भरपूर असायच्या, काही सख्ख्या आणि काही फक्त जाहिरातीपुरत्या. सगळ्यांचं स्वप्न एकच, न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर. आणि बोलपट आले तसे हे सगळं संपत गेलं, पॅलेस सुद्धा १९३२ मध्ये सिनेमाचं थिएटर झालं. म्हणजे ज्या सिनेमाने या फिरत्या कलावंतांची गोष्ट सांगितली त्याच्याच लाटेने त्यांचं पोट पण गेलं, हे मला फार लागतं. तुमच्याकडे सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला तरी मंडईच्या जत्रेला आणि शंकरपटाच्या बैलशर्यतीला रात्रभर नाटक होतंच आणि माणसं मांडी घालून पहाटेपर्यंत बघतात, वडशात कंपन्यांची ऑफिसं आहेत, २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. हे टिकलं ते तुमच्यासारख्यांमुळे.

आता दुसरं. सिनेमातला निर्माता झॅनफिल्ड, हे नाव त्या काळच्या प्रसिद्ध झिगफेल्डवरून बेतलेलं, ज्याचे 'फॉलीज' नावाचे भव्य शो १९०७ पासून चालायचे आणि त्यात सुंदर मुली हे मुख्य आकर्षण. हा झॅनफिल्ड दोघी बहिणींचं काम बघतो आणि त्याला फक्त क्वीनी पाहिजे असते. मग क्वीनीच गुपचूप त्याला गळ घालते की आम्हा दोघींना एकीच्या पैशात घ्या पण ताईला सांगू नका. पुढे तालमीत दोघींचा आयटम कापला जातो. आणि क्वीनी वर कशाने चढते? एका देखाव्यात जहाजाच्या टोकावर उभी असलेली मुलगी पडते आणि तिच्या जागी हिला उभं करतात. गायचं नाही, नाचायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तिथूनच त्या श्रीमंत माणसाची नजर तिच्यावर जाते.

हे जेव्हा मी नीट बघितलं तेव्हा प्रेमाचा त्रिकोण मला मागचा वाटायला लागला. आयुष्यभर घाम गाळून शिकलेलं काम घेऊन हँक मोठ्या शहरात येते आणि तिथे त्याला भावच नाही, भाव आहे उभं राहण्याला. आणि क्वीनीला तरी काय मिळतं, तिला कोणी कलावंत म्हणून बघतच नाही. दोघींचंही नुकसान आहे, फक्त वेगवेगळं. हे सिनेमा भाषण करून सांगत नाही, तालमीच्या गडबडीत, कोरसच्या मुलींच्या भांडणात, मेकअपच्या खोलीतल्या टोमण्यांमध्ये सांगतो. त्या खोल्या खऱ्या वाटतात कारण संवाद लिहिणाऱ्यांतला जेम्स ग्लीसन स्वतः रंगभूमीवरचा माणूस होता, सुरुवातीच्या त्या गाण्यांच्या ऑफिसचा मालक तोच झालाय.

तर उत्तर हो मावशी, तिकडे पण होतं. आणि हँक शेवटी जिथे परत जाते, फिरत्या कार्यक्रमाकडे, तिथे तिला बघायला तिकीट काढून माणसं येणार आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये दाखवायचा आहे. परवानगीचं काय? आणि सोबत दुसरं काय लावू? (विद्यार्थ्यांचा गट, सिव्हिल लाइन्स)

१ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत या सिनेमाचा कॉपीराइट संपला आणि आपल्या कायद्यात सिनेमाला ६० वर्षं, त्यामुळे मूळ सिनेमाची अडचण दिसत नाही, पण एखाद्या कंपनीची नवीन स्वच्छ केलेली कॉपी किंवा तिची सबटायटल्स वापरणार असाल तर त्यांना विचारून घ्या.

सोबत एकच लावायचा असेल तर 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट', १९३३ चा, दिग्दर्शक लॉइड बेकन, नाच बर्कलीचे. मधल्या काळात काय झालं ते पण मुलांना सांगा, की 'ब्रॉडवे मेलडी'च्या यशानंतर सगळ्यांनी पडद्यामागच्या गोष्टींचे एवढे गाण्याचे सिनेमे काढले की लोक विटले, काही तयार सिनेमांमधून गाणीच कापून टाकली, आणि मग 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'ने परत गाडी रुळावर आणली. त्यात मंदी दिसते, पोटाची भीती दिसते. वेळ असेल तर रूबेन मॅमुलियनचा 'अप्लॉज' पण, तोही १९२९ चाच, त्यात कॅमेरा खोक्यातून बाहेर पडायला धडपडतोय आणि एक उतार वयाची नाचणारी बाई आहे, बघवत नाही इतकं खरं काम हेलन मॉर्गनने केलंय.

दाखवताना सबटायटल्स लावाच, आवाज खरखरतो आणि बोलणं जुन्या न्यूयॉर्कच्या बोलीत आहे. आणि शंभर मिनिटांचाच सिनेमा आहे, मध्यंतर घेऊ नका, घेतलंच तर जहाजाच्या देखाव्यानंतर घ्या, मेकअपच्या खोलीच्या आधी अजिबात नको.